ओरिंगची कंबर

ऑरेलियो फामतिद सकाळी पलंगावरून उठायचा तो एका दमात नव्हे, हप्त्याहप्त्याने. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, पाय खाली सोडायचे, दोन्ही हात मांड्यांवर रोवायचे आणि दात आवळून उभं राहायचं. उभा राहिला तरी लगेच सरळ होता यायचं नाही. खिडकीचा गज धरून तो थोडा वेळ वाकूनच थांबायचा. बाहेरून जाणाऱ्या पाववाल्याला वाटायचं, हा रोज आपलीच वाट बघतो. "किती देऊ नोंग?" तो विचारायचा, आणि ओरिंग नको असले तरी पाव घ्यायचा.

थोरल्या भावाला हाक मारावी तसं सगळं मियागाओ गाव त्याला नोंग ओरिंग म्हणायचं. आयुष्यभर त्याने जीपनी चालवली, माणसांनी खच्चून भरलेली लांबडी जीप. मियागाओहून इलोइलो शहर, इलोइलोहून मियागाओ. रस्त्यातला एकेक खड्डा त्याच्या पाठीला पाठ होता. पन्नाशी उलटली आणि कमरेच्या डाव्या खळगीत दुखायला लागलं. आधी ते येऊन जायचं. मग मुक्कामालाच आलं.

आलं घातलेल्या खोबरेल तेलाने रगडणारी म्हातारी झाली, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, शहरात जाऊन फोटो काढून झाला. फोटोत विशेष काही निघालं नाही. "वयाप्रमाणे झीज आहे," डॉक्टर म्हणाले. हे ऐकून ओरिंगला आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं. काही मोडलेलं निघालं असतं तर निदान चार लोकांना दाखवता आलं असतं. शेवटी त्याने जीपनी भाच्याच्या हातात दिली आणि तो घरी बसला.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन दावाओला. बायको फ्लोर्डेलिझा, म्हणजे फ्लॉर, बावीस वर्षं इटलीत, जेनोव्हा शहरात, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला. तिच्या कष्टांवर घर दुमजली झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या गाद्यांचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. त्याआधी ओरिंग गोळी घेऊन, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसून राहायचा.

"कसा आहेस?"

"मस्त. तू?"

"मस्त. गाडी?"

"चालू आहे."

तसं ते खोटं नव्हतं. गाडी चालूच होती. पण कमरेचं त्याने तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ऑपरेशनसाठी म्हणून आणखी दोन-तीन वर्षं तिकडेच राहिली असती. एकदा छतासाठी राहिली होती, एकदा मुलीच्या शिक्षणासाठी. आता कमरेसाठी नको, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी आरोग्य केंद्रात जुवी नावाची मुलगी आली. व्यायामातून उपचार करणारी. शहरात शिकलेली, पण त्याच बाजूची, त्यामुळे कुणाला कसं बोलायचं ते तिला कळत होतं. ज्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखते अशांना तिने मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी केंद्रामागच्या शेडमध्ये बोलावलं. आल्या बहुतेक बायकाच, मागावर बसून बसून कंबर गेलेल्या विणकर; त्यांना सगळे नांग, म्हणजे ताई, म्हणायचे. पुरुषांत एतोंग नावाचा एक मच्छीमार आणि ओरिंग.

"व्यायाम कसला?" ओरिंग पहिल्याच दिवशी म्हणाला. "मी इथवर चालत आलो हाच माझा व्यायाम."

"मग आता झोपून करू," जुवी म्हणाली. "झोपायला तर जमेल ना?"

तिने सगळ्यांना चटईवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले. म्हणाली, "दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय असं धरून चालू नका. दुखण्याच्या भीतीने तुम्ही पाठ आखडून धरता, आणि जे स्नायू कंबर सांभाळतात ते बसलेत झोपा काढत. त्यांना उठवायचंय. बेंबीच्या खाली, अगदी आतून, पोट हलकेच पाठीकडे घ्या. हलकेच! नांग, पोट सपाट करून फोटो नाही काढायचाय. आणि श्वास कोंडू नका. श्वास चालू, बोलणं चालू, आणि ते आतलं धरलेलं."

ओरिंगने जोर लावला. मान ताठ झाली, चेहरा लाल झाला, पोट मात्र फुगून वर आलं.

जुवीने जोड्या लावल्या. एकाने झोपायचं, दुसऱ्याने त्याच्या कमरेच्या पोकळीत हात सरकवायचा आणि पाठ किती दाबते, किती सुटते ते सांगायचं. ओरिंगच्या वाट्याला नांग पुरिता आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मागावरच्या धोट्यासारखी जीभ. तिने हात सरकवला.

मालिश करणाऱ्या म्हातारीचा हात काहीतरी करायला यायचा, दाबायला, रगडायला. हा हात काही करत नव्हता. नुसता होता. उबदार, थोडा खरखरीत, वाट बघत असलेला. ओरिंगला एकदम कळेना की आपण काय करायला इथे आलो आहोत. छताच्या पत्र्याकडे बघत तो तसाच पडून राहिला.

"नोंग, श्वास घ्या," पुरिता म्हणाली. "मी काही तुमच्या खिशात हात नाही घातलेला."

शेडमध्ये हशा पिकला. ओरिंगही हसला, आणि हसता हसता पोटाच्या आत काहीतरी अलगद घट्ट झालं.

"हां! तेच!" पुरिता ओरडली. "जुवी, याचं सापडलं बघ!"

पण सापडलेलं टिकायला फार दिवस गेले. झोपून जमलं की गुडघे उभे ठेवून कंबर उचलायची. ते जमलं की कुशीवर, कोपरावर अंग तोलायचं. मग हातापायांवर ओणवं व्हायचं आणि एका बाजूचा हात पुढे, दुसऱ्या बाजूचा पाय मागे, पाठ अशी स्थिर की जुवी तिच्यावर पाण्याची वाटी ठेवायची. ओरिंगची वाटी कित्येक आठवडे त्याच्या मानेवरच रिकामी होत राहिली. मध्येच दुखणं असं उसळलं की तो दोन वेळा गेलाच नाही. जुवी घरी आली. म्हणाली, "उसळणारच. पाऊल मागे घ्या, पण घरी बसू नका. सोपं करू, थोडं करू." तो पुन्हा गेला.

गावाला तर विषयच मिळाला. तिनोंगच्या खानावळीत ओरिंग भात खायला बसला की तिनोंग कढईवरून विचारायचा, "काय नोंग, बायको इटलीत आणि कंबर पुरिताच्या हातात?"

हे पुरिताच्या कानावर गेलं तेव्हा ती भर दुपारी खानावळीत जाऊन म्हणाली, "तिनोंग, तुझं पोट एवढं सुटलंय की त्याखाली हात घालायला मला जोडीला सहा माणसं लागतील. नाहीतर तुझीही सेवा केली असती." त्यानंतर तिनोंग तिच्यासमोर बोलेनासा झाला. मागे बोलायचा.

ओरिंग घरीही रोज चटई टाकायचा. पण घरी हात नसायचा. आपलाच हात आपल्या कमरेखाली घातला की कोण कुणाला दाबतंय तेच कळत नाही. तो मंगळवारची वाट बघायला लागला. एकदा त्याने स्वतःलाच खडसावून विचारलं, हे काय चाललंय तुझं, या वयात? नीट विचार करून पाहिला. पुरिता नव्हती कारण. उद्या एतोंगने हात ठेवला असता तरी चाललं असतं. कुणाचा तरी हात होता, आणि तो काही मागत नव्हता, एवढंच. हे कळल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट घर आणखी मोठं वाटायला लागलं.

वर्ष होत आलं तोवर तो खिडकीचा गज न धरता सरळ होत होता. दुखणं गेलं नव्हतं. पण आधी ते घराचा मालक होतं, आता भाडेकरू झालं होतं. सकाळच्या दोन फेऱ्या तो स्वतः मारू लागला.

नाताळाच्या आधी फ्लॉर महिनाभराच्या रजेवर आली. याआधीची तिची खेप मुलीच्या लग्नातली. विमानतळावर त्याने तिला गर्दीत आधी ओळखलंच नाही. केस कापलेले, अंगात जाड कोट. मिठी मारली ती दोघांच्या मध्ये तिची पर्स ठेवून.

भाच्याने गाडी घराशी थांबवली. ओरिंग खाली उतरून दार धरून उभा राहिला. फ्लॉर आधी सीटवरच्या सीटवर वळली, दोन्ही पाय एकदम बाहेर काढले, हात मांड्यांवर रोवले, क्षणभर थांबली, आणि ओठ मिटून उठली.

ते उठणं तो जगात सगळ्यांत चांगलं ओळखत होता.

ती वरच्या मजल्यावर झोपू लागली; म्हणाली, वेळेच्या फरकामुळे रात्री जाग येते, तुला कशाला त्रास. एका सकाळी चहा घेऊन वर गेला तर ती पलंगावर नव्हती, खाली फरशीवर चटई टाकून झोपली होती. तो कप दाराशी ठेवून खाली आला. मंगळवारी तो म्हणाला, "जरा गॅरेजला जाऊन येतो." शुक्रवारीही गॅरेजलाच गेला.

मग एका सकाळी ती बहिणीकडे म्हणून बाहेर पडली. ओरिंगने खुर्च्या सारल्या, चटई टाकली, हातापायांवर ओणवा झाला. उजवा हात पुढे, डावा पाय मागे.

"काय शोधतोयस?" दारातून आवाज आला. ती छत्री विसरली होती.

तो तसाच थिजला. हात पुढे, पाय मागे.

"चप्पल."

"सापडली?"

"नाही."

"वर्षभर शोधतोयस म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी. पुरिताबरोबर."

ओरिंग हळूच खाली बसला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही सांगितलं ते विचार. माझ्या बहिणीने सांगितलं. तिनोंगच्या बायकोने सांगितलं. जेनोव्हात आपल्याकडच्या बायका आहेत, त्यांना त्यांच्या वहिन्यांनी सांगितलं, त्यांनी मला चर्चच्या पायरीवर गाठून सांगितलं. जीपनी भाच्याला दिलीस ना, त्याच आठवड्यात मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी दर रविवारी विचारत होते, ओर. कसा आहेस म्हणून. तू म्हणायचास, मस्त."

ओरिंग म्हणाला, "आणि तुझी?"

"माझी काय?"

"कंबर. गाडीतून उतरलीस तेव्हा पाहिली मी."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. छत्री मांडीवर आडवी धरली. "एत्तोरे म्हणून एक म्हातारा होता. त्याला न्हाणीतून उचलून काढत होते. काहीतरी सटकलं. पण त्याला खाली ठेवायला जागा नव्हती, ओला होता, घाबरला होता. खुर्चीपर्यंत नेला, पुसला, कपडे घातले. मग बसले मी."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

"मला कुणीच नाही सांगितलं," ओरिंग म्हणाला.

"तुला कोण सांगणार? तिथे तुझं कोण आहे?"

ती रागाने म्हणाली नव्हती. जे होतं ते म्हणाली. पण ओरिंगला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं की सगळा गाव तिचे डोळे होता, आणि तिच्याकडे बघणारा त्याचा तिथे एकसुद्धा डोळा नव्हता. तिच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

"ये," तो म्हणाला. "झोप इथे. दाखवतो."

"मला दाखवलंय तिथल्या बाईने. मोठा चेंडू दिला होता. तो पलंगाखाली आहे, त्याच्यातली हवा गेली."

"चेंडू नको. झोप."

ती झोपली. गुडघे उभे केले. तिची कंबर चटईपासून चांगली वर होती, कमानीसारखी. ओरिंगने जुवीसारखंच सांगितलं, बेंबीच्या खाली, आतून, हलकेच. मग पुरिता करायची तसा हात सरकवला.

फ्लॉरचं सगळं अंग एकदम लाकूड झालं.

"श्वास घे, लंगा," तो म्हणाला. लाडाचा हा शब्द त्याच्या तोंडून किती दिवसांनी आला होता.

"हात काढ."

"थंड आहे का?"

"नाही. काढ तू."

त्याने काढला. ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला सवय नाही राहिली, ओर. रोज मी लोकांच्या पाठी धुते, पुसते, पावडर लावते. माझ्या पाठीला कुणी हात लावला की वाटतं, मीच म्हातारी झाले आणि कुणीतरी मला उचलायला आलंय."

"बरं," तो म्हणाला. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्याने तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. तिने आपल्याच दोन बोटांनी पोटाच्या खाली चाचपून पाहिलं आणि डोळे मिटून प्रयत्न करत राहिली.

त्यानंतर गॅरेजचं नाव निघालं नाही. मंगळवारी ती त्याच्याबरोबर शेडमध्ये आली. पुरिताने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नांग फ्लॉर, तुमचा नवरा वर्षभर सांभाळलाय मी."

"सांभाळलास तर जरा बारीक करून द्यायचास," फ्लॉर म्हणाली. सगळ्या बायका खिदळल्या.

जुवीने फ्लॉरची जोडी पुरिताशी लावली आणि ओरिंगची एतोंगशी. ओरिंग उताणा पडला होता, कमरेखाली एतोंगचा मासळीचा वास येणारा हात. त्याने मान जराशी वळवून पाहिलं. पुरिताने फ्लॉरच्या पाठीखाली हात सरकवला. फ्लॉरचे खांदे सैल पडले, पोट हळूहळू खाली गेलं, आणि कमान चटईला टेकली. पुरिता तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि फ्लॉर चक्क हसली, डोळे मिटूनच.

"नोंग, पाठ आखडली," एतोंग म्हणाला.

"हो," ओरिंग म्हणाला आणि परत पत्र्याकडे बघू लागला.

उरलेले दिवस ती दोघं सकाळी बैठकीत चटया टाकायची. दोन चटया, मध्ये एक माणूस झोपेल एवढी जागा. फारसं बोलणं नसायचं. "दुसरा पाय." "कंबर कलली बघ." एवढंच. पण सकाळ छान जायची. जायच्या आदल्या आठवड्यात, ती ओणवी असताना, ओरिंग म्हणाला, "जाऊ नको."

तिने हात खाली टेकला, पाय खाली घेतला, मग बसली. सगळं रीतसर.

"हे तू आत्ता म्हणतोस."

"आत्ताच धीर झाला."

"पोरगी शाळेत होती, रोज फोनवर रडायची, तेव्हा म्हणाला असतास तर मी चालत आले असते."

"तेव्हा छत गळत होतं."

"हो," ती म्हणाली. "तेव्हा छत गळत होतं." मग चटईची गुंडाळी करत, "तिकडे सिन्योरा आहे, नव्वदीची म्हातारी. माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही. तिथे मला कुठला कप कुठे आहे माहीत आहे. इथे मी अजून पाहुणी आहे, ओर. वर जाऊन बघ, कपडे सुटकेसमध्येच आहेत. कपाटात ठेवायचं सुचलंच नाही. पेन्शनला थोडी वर्षं उरलीत. मग येईन."

"मग?"

"मग बघू. तोवर तू हे सोडू नको."

"तूही."

"नाही सोडणार."

विमानतळावर त्याला आत सोडलं नाही. काचेच्या बाहेरून तो बघत राहिला. रांग पुढे सरकली, फ्लॉर बॅगांच्या वजनकाट्याशी आली. मागचा एक तरुण तिची बॅग उचलायला पुढे झाला. तिने मान हलवून त्याला नको म्हटलं. बॅगेच्या अगदी जवळ गेली, गुडघ्यांत वाकली, आणि उचलण्याआधी एक क्षण थांबली. कोटाच्या आत काय झालं ते त्या रांगेत कुणालाही दिसलं नसेल. ओरिंगला दिसलं. मग तिने बॅग अंगाशी धरून सरळ वर घेतली. चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. तिने वळून काचेकडे पाहिलं, पण बाहेर ऊन होतं. काचेत तिला बहुधा तिचंच प्रतिबिंब दिसलं असेल.

परतताना भाच्याला काम होतं म्हणून ओरिंग व्हॅनने निघाला. सीट खोल होती. ओतोन गावाच्या अलीकडे कंबर बोलायला लागली तसा तो ड्रायव्हरला म्हणाला, "मला इथेच सोड, मागच्या गाडीने येतो." रस्त्याच्या कडेला तो थोडं चालला. एका टपरीवर कढत सूप मिळत होतं. बाईने वाडगा पुढे ठेवला, बाक दाखवला.

"उभ्यानेच खातो," तो म्हणाला.

"कंबर?" तिने विचारलं.

"हो."

"माझीही," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ओरिंगने वाडगा उचलला. समुद्राकडून वारा येत होता, सूप भराभर निवत होतं. मागची व्हॅन येईपर्यंत तो उभा राहिला, सरळ.